बिनआवाजाची गाडी

देवानं जग निर्माण करायच्या आधी माझ्या सासऱ्यांचा सल्ला घेतला असता, तर जग अजून झालंच नसतं, असं माझं पक्कं मत आहे. त्यांनी आधी सूर्याचे फायदे सांगितले असते, मग तोटे, आणि शेवटी ‘अजून दोन ठिकाणी चौकशी करू’ म्हणून देवाला चहा पाजून परत पाठवलं असतं. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणं मी त्यांना मामा म्हणतो. न्हावऱ्याला ऊस, कांदा आणि एक म्हैस असा त्यांचा पसारा; पण खरा उद्योग तोलण्याचा. माझं स्थळ बघायला कारेगावला आले तेव्हा आमच्याच घरचे पोहे खात, माझ्या तोंडावर त्यांनी भावकीला सांगितलं होतं, “एका बाजूनं बघितलं तर पोरगं कंपनीत कायम हाय. दुसऱ्या बाजूनं बघितलं तर जरा बावळट वाटतंय.” दोन्ही बाजू तोलून लग्न ठरलं. कुठली बाजू किती भरली, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

त्यांच्या घरात कुठलीही वस्तू वेळेवर आली नाही. पंख्याचा विचार उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरू झाला आणि पंखा फिरायला लागला तेव्हा सगळे स्वेटर घालून होते. एक जुनी मोटारसायकल तेवढी त्यांच्या वडिलांनी विचार न करता घेऊन ठेवली होती, म्हणून मामांच्या बुडाखाली काहीतरी होतं. तिचा सायलेन्सर फाटलेला होता आणि तो ते मुद्दाम दुरुस्त करून घेत नसत. माणूस येतंय हे घरच्यांना आधी कळलं पाहिजे, हा त्यातला फायदा. आणि कळायचंही. गाडी वस्तीच्या अलीकडं असतानाच घरात टीव्ही बंद व्हायचा, पदर सावरले जायचे, चहाचं आधण गॅसवर चढायचं. ते घर मी कायम शांतच पाहिलं. सासूबाई, म्हणजे मामी, इतकं कमी बोलायच्या की लग्नानंतर बरेच दिवस त्यांना ऐकू कमी येतं असं समजून मी त्यांच्याशी ओरडून बोलत होतो.

मामा तापट होते असं अजिबात नाही. त्यांनी घरात कधी आवाजही चढवला नाही. फक्त कुणी हसलं की ते कारण विचारायचे. “ह्याच्यात हसन्यासारखं काय हाय, जरा इस्कटून सांगा,” असं म्हणून मांडी घालून बसायचे. इस्कटून सांगता सांगता हसू कुठल्या कुठं पळून जायचं. पुढं पुढं कुणी त्या भानगडीत पडेनासं झालं.

किक मारून मारून मामांचा गुडघा कामातून गेला, तेव्हा इलेक्ट्रिक स्कूटरचा विषय निघाला आणि माझे रविवार संपले. मी कारखान्यात फ्रीजचे दरवाजे बसवतो. ज्याला फ्रीज कळतो त्याला स्कूटर कळणारच, या हिशोबानं ते मला दर रविवारी शिरूरच्या शोरूममध्ये घेऊन जात. पावसात करंट बसतो का, उसाच्या पाचटातनं गेली तर पेट घेईल का, बॅटरी म्हातारी झाली की तिला ठेवायचं कुठं, असे त्यांचे प्रश्न. एकदा तर आम्हाला लांबून येताना बघून तिथल्या माणसानं शटर ओढायला सुरुवात केलेली मी स्वतः पाहिली. शेवटी निकाल गुडघ्यानं दिला. एका सकाळी मोटारसायकलची किक अशी उलटी बसली की मामा लंगडतच शोरूममध्ये शिरले आणि एकही प्रश्न न विचारता निळी स्कूटर घेऊन आले.

मग तिचा थाट सुरू झाला. थंडीत बॅटरीला गारठा बाधू नये म्हणून तिच्यावर रात्रीची गोधडी. चार्जिंग चालू असताना घरात मिक्सर लावायचा नाही, कारण दोघांनी एकाच ताटात जेवलं की एक उपाशी राहतं म्हणे. त्यामुळं चटणी पुन्हा पाट्यावर आली. एकदा भाच्याला रेल्वेवर सोडून दौंडवरून परत येताना चार्जिंग संपलं. मामांनी वाटेतल्या एका पिठाच्या गिरणीत प्लग लावला आणि दळणाच्या रांगेत बसून राहिले. उशिरा घरी आले ते डोक्यावर पीठ, गिरणीवाल्याच्या तीन पिढ्यांची माहिती आणि त्याच्या मुलीसाठी कुठं स्थळ बघायचं याची जबाबदारी घेऊन. “पेट्रोलची गाडी मानसं जोडती का?” असा त्यांचा मला सवाल होता. हे फायद्यात धरलं गेलं.

तोट्याची बाजू म्हशीनं उचलून धरली. फटफट ऐकू आली की मागोमाग पेंड येते, एवढं एकच गणित तिला आयुष्यभर माहीत होतं. स्कूटर बिनआवाजाची आल्यापासून तिनं पान्हा सोडायचं नाकारलं. मामी बादली घेऊन ताटकळत बसायच्या आणि म्हैस रस्त्याकडं कान लावून उभी. शेवटी जुनी मोटारसायकल गोठ्यात आणून उभी केली. धारेच्या वेळी माझ्या मेव्हण्यानं किक मारायची, म्हैस खूश, धार सुरू. म्हशीसाठी मोटारसायकल पाळणारा दुसरा माणूस आमच्या तालुक्यात असेल असं मला वाटत नाही.

दिवाळीच्या आधी एकदा आम्ही दोघं शिरूरहून संध्याकाळी परत येत होतो. मी मागं बसलो होतो, पायाशी खताची पिशवी. खत उतरवायला म्हणून गोठ्याला वळसा घालून मामांनी गाडी घराच्या मागच्या भिंतीशी घेतली आणि आम्हाला स्वयंपाकघरातून एका बाईचा आवाज ऐकू आला. ती मामांची हुबेहूब नक्कल करत होती. “एका बाजूनं बघितलं तर भाकरी गोल हाय,” अगदी त्यांच्यासारखं खाकरून, “दुसऱ्या बाजूनं बघितलं तर ती तुमच्या सुनंनं केलीय, तवा दोन ठिकानी चौकशी करू.” मेव्हण्याची बायको, म्हणजे घरची सून, गुदमरेपर्यंत हसत होती आणि आत्याबाई बास करा, पोट दुखायला लागलं, म्हणून विनवत होती. मामांनी पाय खाली टेकवले.

“हे कोन बोलतंय?” त्यांनी मला हळूच विचारलं.

“मामी,” मी म्हणालो.

त्यांना खरंच ओळखू आलं नव्हतं. मग ते खाकरले, पुढच्या दारानं आत गेले, आणि लाईट जावी तसं आतलं हसू गेलं. पदर, आधण, चहा. त्यांनी चहा घेतला. मला वाटलं, आता गाडी विकली जाणार. पण मला सोडायला बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पाव्हणं, मला वाटायचं आमच्या घरची मानसं मुळातच कमी बोलनारी हायती.” इतकी वर्षं ज्यांना मी मनातल्या मनात हसत आलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. पण सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायची आपल्याकडं पद्धत नाही.

त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला, ते हसू आपण घरात असताना ऐकायचं. माझ्या बायकोनं सांगितलेली हकिगत अशी की एका रात्री जेवताना त्यांनी स्वतःहून विनोद सांगितला, एसटीच्या कंडक्टरचा. विनोद संपल्यावर त्यात हसण्यासारखं काय आहे तेही त्यांनी सविस्तर सांगितलं. सून दूध बघायला उठली. मेव्हणा ताटात बघून जेवत राहिला. मामी म्हणाल्या, अजून भाजी वाढू का?

पुढं एकदा मी पुन्हा त्यांच्याबरोबर शिरूरहून आलो. या वेळी त्यांनी गाडी आपणहून मागच्या भिंतीशी नेली, बंद केली आणि मला तोंडावर बोट ठेवून बसायची खूण केली. तिथं एका दगडावर पोतं अंथरलेलं होतं, म्हणजे हे रोजचंच होतं. आत मामींचा स्कूटरचा हिशोब रंगात आला होता. फायदे असे की पेट्रोल नाही, किक नाही, गुडघ्याला आराम. तोटे असे की चढाला दम खाते, लाईट गेली की आजारी पडते आणि रात्री तिला नवऱ्याआधी गोधडी लागते. सून हसत होती. मामा मान डोलवत प्रत्येक मुद्दा पास करत होते. मामी थांबल्या आणि मामांना राहवलं नाही. हिशोब अर्धा राहिलेला त्यांना आयुष्यात कधी सोसला नव्हता.

“आन् आवाज न्हाई, ह्यो तोटा ऱ्हायला,” ते भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं बोलून गेले.

आत चिडीचूप. मामांचा चेहरा असा उतरला की मला बघवेना. हातातलं एकुलतं एक सुख आपल्याच तोंडानं घालवलेला माणूस माझ्या शेजारी बसला होता. जरा वेळानं आतून मामींचा आवाज आला, त्यांचा स्वतःचा, अगदी निवांत.

“त्यो तोट्यात न्हाई, फायद्यात धरलाय. आन् रोज भिताडाला टेकून पाठ दुखंल. आत येऊन ऐका.”

मामा आत गेले, मागोमाग मी. सून पदर सावरत उठली, तिला त्यांनी हातानंच बस म्हटलं आणि स्वतः दाराशी पाटावर टेकले, पाहुण्याच्या घरी बसावं तसे. मामी आधी जरा अडखळल्या. मग भाकरी थापता थापता त्यांनी माझं स्थळ बघायला गेलेल्या मामांची नक्कल काढली, बावळटपणासकट, आणि सून हसली, मी हसलो. मामा तोंड उघडून कारण विचारणार असं मला वाटलं. त्यांनी तोंड मिटलं.

निघताना ते नेहमीप्रमाणं रस्त्यापर्यंत आले. एरवी निरोपाला त्यांना तासभर लागतो. उसाचा भाव, माझी शिफ्ट, सगळ्याच्या दोन्ही बाजू होतात. त्या दिवशी ते नुसते उभे राहिले.

“एवढी वर्सं ही बाई माझ्या घरात असं बोलत व्हती,” ते म्हणाले, “आन् मी लांबनं गाडी वाजवत येत व्हतो.”

घरातून पुन्हा हसण्याचा आवाज आला, तसं त्यांचं लक्ष उडालं. बरं, या मग, असं अर्धवट म्हणून, पुढचं ऐकायचं राहू नये म्हणून, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवत ते लगबगीनं आत निघून गेले.