मी लेकीला दोन वर्षं आधीच युनिव्हर्सिटीत घातलं

माझ्या हातात माईक द्या आणि बाजूला व्हा. अमेरिकेतल्या बॉथेल गावच्या आमच्या मराठी मंडळात गेली अकरा वर्षं सूत्रसंचालन माझ्याकडे आहे, आणि ते काढून घ्यायचे दोन प्रयत्न मी हाणून पाडले आहेत. नाटकातला राजा विंगेत मिशी शोधत असला, तर तोवर प्रेक्षकांना हसवत ठेवणारा माणूस मीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते याच तोंडाने केलं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. जूनच्या शेवटी तळ्याकाठच्या पार्कात पिकनिक असते. बटाटेवडे संपले की त्या वर्षी बारावी झालेल्या मुलांचा सत्कार. मी यादी वाचतो: मुलाचं नाव, तो कुठल्या युनिव्हर्सिटीत चाललाय ते, मग टाळ्या, मग पेढा. आईबाप घडीच्या खुर्च्यांवर सरसावून बसलेले असतात. कोणाचं मूल कुठे गेलं हे पुढची पाच वर्षं सगळ्यांना पाठ असतं.

माझ्या मुलीची बारावी झाली त्या वर्षी शहरातल्या मोठ्या युनिव्हर्सिटीने तिला नकार दिला. दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी पोहे खाता खाता म्हणाली, "मी कम्युनिटी कॉलेजला जाते, तिथे सगळ्यांनाच घेतात. दोन वर्षं तिथे करायची, मग युनिव्हर्सिटीत थर्ड इयरला ट्रान्सफर. खूप जण करतात, बाबा."

मी म्हणालो, "वा! झकास!" आणि अगदी मनापासून म्हणालो. निदान पोहे संपेपर्यंत.

पिकनिकच्या दिवशी ती आइस्क्रीमच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे आली नाही. मी यादी वाचत होतो. मस्त लय लागली होती. नाव, युनिव्हर्सिटी, टाळ्या. नाव, युनिव्हर्सिटी, टाळ्या. माझ्या मुलीच्या नावापुढची जागा मी कोरी सोडली होती, आयत्या वेळी बघू म्हणून. आयत्या वेळी माझ्या तोंडून तीच युनिव्हर्सिटी बाहेर पडली, जिने तिला नको म्हटलं होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मी वाकून नमस्कारसुद्धा केला.

गाडीत बायको एवढंच म्हणाली, "आता निस्तर."

"गणपतीत सांगतो सगळ्यांना," मी म्हणालो.

गणपतीत एका रिटायर्ड डॉक्टरांच्या पत्नीने, आमच्या सगळ्यांच्या काकूंनी, मला जेवणाच्या रांगेत गाठलं. "काय रे, डॉर्म कसं आहे तिचं?" ती तर घरीच राहत होती. आता डॉर्म, म्हणजे हॉस्टेल, बांधणं आलं! मी चौथा मजला बांधला, लिफ्ट बंद पाडली, आणि काकू हसायला लागल्यावर दोन उंदीरही सोडले. कोणी हसलं की मला थांबता येत नाही. एका काकांनी तिला मंगळवारी ग्रोसरीत पाहिलं, तर मी म्हणालो, "कपडे धुवायला आली होती. आईचं मशीन फुकट ना!"

गंमत म्हणजे घरी जेवताना ती जे सांगायची, ते माझ्या उंदरांपेक्षा कितीतरी भारी होतं. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तिचा जोडीदार पन्नाशीचा बस ड्रायव्हर होता. त्याला नर्स व्हायचं होतं आणि तो तिला "प्रोफेसर" म्हणायचा. एक आई तान्हं बाळ घेऊन स्टॅटिस्टिक्सच्या तासाला यायची. "बाबा, अख्ख्या वर्गात ते बाळ एकटंच मनापासून झोपतं. बाकीचे आम्ही चोरून झोपतो." मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचो. शनिवारी ती तिथेच मागे पडलेल्या मुलांना गणित शिकवायची, म्हणून मंडळात येणं होत नव्हतं. मला ते सोयीचं होतं, हेही लिहून टाकतो.

अशी दोन वर्षं गेली. या मे महिन्यात तिने जेवणाच्या टेबलावर फोन उघडून ईमेल वाचला. त्याच युनिव्हर्सिटीने तिला थर्ड इयरला घेतलं होतं. ती रडली, तिची आई रडली, मी टेबलाभोवती नाचलो. नाचता नाचता माझ्या मनात काय आलं सांगू? आपलं खोटं आपोआप खरं झालं! आता काही निस्तरायलाच नको!

तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, यंदा पिकनिकला मी येणार. माझं नाव वाच. 'कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्सफर' असं पूर्ण वाच हं. माझा पेढा राहिलाय."

"अगं, ती यादी बारावीच्या मुलांची असते."

"यादी तूच करतोस ना?"

मी हो म्हणालो. तिला सगळं सांगून टाकायला माझ्यापाशी चांगले सहा आठवडे होते. एकाही आठवड्यात मी तोंड उघडलं नाही.

पिकनिकला ती पिवळा कुर्ता घालून आली. मी माईकची वायर जोडत होतो आणि ती शेजारी उभी होती. काकू वड्यांची प्लेट घेऊन तिच्याकडे आल्या.

"अगं, किती वर्षांनी! आता थर्ड इयर ना? आणि डॉर्ममधले ते उंदीर आहेत का अजून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही.

"आहेत ना काकू," ती म्हणाली. "दोघं. मोठा नोट्स खातो, धाकट्याला अजून इंग्लिश येत नाही."

काकू खदखदून हसल्या. "बापावर गेलीस हो!"

खरंच गेली होती. कुठे थांबायचं, कधी वाक्य उचलायचं, सगळं माझं. मला वाचवायला तिने ते वापरलं.

मग मी यादी वाचली. पाच मुलं होती. पाचव्या पेढ्यानंतर ती झाडाखाली उभी राहून माझ्याकडे बघत होती. माईक चालू होता. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "आणि आता मंडळी, संगीत खुर्ची!"

परतताना ती मागच्या सीटवर बसली.

"मी तुला रोज सगळं सांगायचे," ती म्हणाली. "बस ड्रायव्हरचं, बाळाचं. तू हसायचास."

"मला खरंच आवडायचं गं."

"मग तेच का नाही सांगितलंस त्यांना?"

सिग्नल लागला, सुटला, मागच्या गाडीने हॉर्न दिला. मी गाडी पुढे काढली.

सप्टेंबरात तिचं सामान निघालं. मी खोकी बांधायच्या टेपचे सहा रोल आणले होते, कॅम्पसचा नकाशा पाठ केला होता. ती चादरीची घडी घालत होती.

"आई येतेय सोडायला. तू नको येऊस."

"का गं?"

"तू मला दोन वर्षांपूर्वीच सोडून आलास ना, बाबा."

आवाज चढला नव्हता. चादरीचं एक टोक तिने मला धरायला दिलं, घडी झाल्यावर काढून घेतलं. खोकी गाडीत ठेवण्यापुरता माझा उपयोग झाला.

दिवाळीच्या आधी मी काकूंना फोन केला. काय बोलायचं त्याची तालीम केली होती, कुठे आवंढा गिळायचा तेसुद्धा ठरवलं होतं. पण सगळं एका दमात सांगून टाकलं.

"बरं, मग?" काकू म्हणाल्या. "आमच्या धाकट्याने तेच केलं होतं की. त्यात लपवण्यासारखं काय होतं रे?" आणि त्यांनी फराळाला कोण काय आणतंय ते विचारायला घेतलं.

मी लगेच मुलीला फोन लावला. "काकूंना सगळं खरं सांगितलं. आता मंडळालाही सांगणार आहे, माईकवरून."

"ओके."

तिच्या मागे कोणीतरी हसत होतं, दारं उघडत-मिटत होती.

"मग काय म्हणाल्या काकू?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, त्यात लपवण्यासारखं काय होतं."



"हो ना," ती म्हणाली. "क्लास आहे बाबा. ठेवते."