बोर्डावरचा अठरा नंबर

नांदेडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात एक तरुण बोर्ड दुरुस्त करायला आला होता. टोकनचा बोर्ड सतरावरून एकदम एक्केचाळीसवर गेला होता आणि काउंटरवरची बाई भोकरहून आलेल्या म्हातारीला सांगत होती, "तुमचा अठरा नंबर गेला. उद्या या."

तो स्टुलावर लॅपटॉप घेऊन बसला होता, बाह्या सारख्या वर सारत. कुणीतरी म्हणालं, "बंद करून चालू करा की!"

तो भडकला. "तीनदा केलं की तेच! भाड्याची खोली सोडली तर किल्ली परत द्यावी लागती. ह्या बोर्डाचा प्रोग्राम मेमरीतली जागा सोडतो अन् किल्ली खिशात घेऊन फिरून राहिला. त्याच किल्लीनं जुनी खोली उघडतो अन् तिथं नवीन आलेल्याचं सामान, म्हंजे भलताच आकडा, नंबर म्हणून दाखवून राहिला. आता जागा सोडतानाच किल्ली काढून घेतो म्या." मग काउंटरकडं वळला. "अन् मावशीला आधी आत सोडा. चूक बोर्डाची हाय, तिची न्हाई."

"बोर्डावर अठरा येऊ द्या," बाई म्हणाली.

आला, तेव्हाच म्हातारीला सोडलं. मला त्या बाईचा संताप आला. पण म्हातारी सकाळपासून माझ्याच शेजारी बसली होती, आणि मीही बोर्डच बघत होतो.