माझा भाऊ दारू पीत नव्हता

मी सोलापूर सोडलं त्या सकाळी एसटी स्टँडवर माझी पत्र्याची पेटी अण्णाच्या हातातून निसटली आणि तिचं झाकण उघडलं. कपडे, स्टोव्ह, अव्वानं, म्हणजे आईनं, बांधून दिलेल्या कडक भाकरी, सगळं फलाटावर पसरलं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, वाकून गोळा करायला लागला तर त्याचा हात भलतीकडेच जाई, खांदा मधेच उडे. ओळखीचा एक हमाल म्हणाला, "काय अण्णा, सकाळीच का?" लोक हसले. माझी बायको आमच्या मुलीला कडेवर घेऊन उभी होती, ती हसली नाही. मी हसलो. गाडी निघाली तेव्हा खिडकीपाशी येऊन अव्वा फक्त कन्नडमध्ये म्हणाली, "होगि बा." जाऊन ये. अण्णा तिच्या मागे उभा होता आणि दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून होता.

हे मी गल्लीत राहिलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहून लांब गेले त्यांच्यासाठीही. आमचं बारदानाचं दुकान तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. रिकामी पोती, सुतळी, दाभण. अण्णा बोलता बोलता पोतं शिवायचा, खाली न बघता. मिल बंद पडल्यावर माझी कारकुनी गेली. दोघांचं पोट त्या एका दुकानावर भरण्यासारखं नव्हतं, म्हणून मी पिंपरीला कारखान्यात लागलो. पुढे सोसायटीत फ्लॅट घेतला, मुलगी इंग्रजी शाळेत गेली, आता ती कॅनडात असते. पुण्यात मला एका गोष्टीचं फार बरं वाटायचं. तिथं अण्णाला कुणी ओळखत नव्हतं.

तुमच्यात अण्णाची ओळख काय उरली आहे ते मला ठाऊक आहे. चांगल्या लिंगायत घरातला, गळ्यात इष्टलिंग असलेला, पण बायको गेल्यावर दारूनं वाया गेलेला माणूस. असं वाटायला कारणं होती. तो झोकांड्या खात चालायचा. बोलणं जड झालं होतं. एकदम चिडायचा. आणि त्यानं पूजा सोडली होती. आमच्या घरात रोज सकाळी आंघोळ झाली की इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचं, नजर त्यावर ठेवायची. एवढं केल्याशिवाय अण्णानं कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. तो माणूस पूजेला बसेना झाला, म्हणजे त्याचं तोंड बाटलेलं असणार, असाच अर्थ आमच्यात कुणीही काढला असता. अव्वानंही तोच काढला. "ज्याला लाज वाटते तोच देवासमोर बसत न्हाई," असं ती भाकऱ्या थापताना त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची.

खरं कारण त्यानं एकट्या मला सांगितलं होतं. पूजेत हात उडाला आणि लिंग तळहातावरून फरशीवर पडलं. आमच्याकडे ही साधी गोष्ट नव्हे. तो इतका घाबरला की पुन्हा ते हातावर घ्यायची त्याची हिंमत होईना. गळ्यातल्या डबीत ते कायम होतं, पण तो ती डबी उघडत नव्हता.

मी त्याला पुण्याला आणलं आणि एका मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी अण्णाला चालायला लावलं, जीभ बाहेर काढून धरायला लावली. ती त्याला धरता येईना, आत-बाहेर होत राहिली. मग त्यांनी वडिलांचं विचारलं. आमचे अप्पाही शेवटी असेच हलायचे. सगळे त्याला वात म्हणत. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन्स. मेंदूचा आजार, बापाकडून किंवा आईकडून मुलात येतो. प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता अर्धी. औषध नाही.

बाहेर बाकावर आम्ही दोघं येऊन बसलो. अण्णाची एकुलती एक मुलगी महानंदा तेव्हा लग्नाची होती आणि बार्शीच्या एका घरी बोलणी चालली होती. आई नसलेली पोर, अव्वानं वाढवलेली. मी म्हणालो, "आता काय सांगायचं घरी?" खरं तर मला माझ्याही मुलीचा विचार पडला होता. ती तेव्हा शाळेत होती.

"दारूच सांग की," अण्णा म्हणाला. "न्हाई तरी म्हणतातच सगळे."

मग तो म्हणाला, "पोरीचं होऊन जाऊ दे. मग सांग सगळ्यास्नी, अण्णा पीत नव्हता म्हणून. तेवढं कर."

दारू एकट्या माणसाची असते, आजार सगळ्या घराचा होतो. दारुड्याच्या मुलीशी लोक लग्न लावतात, उलट तिची कीव करतात. हा हिशेब आम्ही दोघांनी त्या बाकावर केला आणि बार्शीच्या लोकांना फसवलं.

लग्नाच्या सकाळी तर मी त्याच्याही पुढे गेलो. अण्णा फारच हलत होता आणि वरपक्षात कुणीतरी वैद्यकी शिकलेला पाहुणा आला होता. मला भीती वाटली. मी कोपऱ्यावरून एक छोटी बाटली आणली आणि कार्यालयाच्या मागच्या खोलीत अण्णाला नेलं. काय करणार आहे ते सांगितलं. त्यानं गळ्यातली डबी काढून माझ्या हातात दिली. जन्मापासून जी अंगावेगळी झाली नव्हती ती डबी. मग तो सदरा ताठ करून उभा राहिला आणि मी त्याच्या छातीवर, बाह्यांवर दारू शिंपडली. एका हातात त्याचं इष्टलिंग धरून, दुसऱ्या हातानं. अक्षता पडल्या तेव्हा तो सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून होता. महानंदानं त्याच्या पाया पडताना तोंड बाजूला केलं. पाहुण्यानं काही विचारलं नाही.

त्यानं मागितलेलं तेवढं मी केलं नाही. आधी म्हणालो, तिला एखादं मूल होऊ दे. मग माझ्या मुलीचं लग्न आलं. मग अव्वा गेली, थोरला मुलगा दारुडा निघाला हे दुःख घेऊन गेली. अण्णा शेवटची वर्षं त्या घरात एकटाच होता. शेजारून डबा यायचा, तो भरवायला एक बाई ठेवली होती. मी महिन्याकाठी जायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. त्यानं कधी आठवण करून दिली नाही. नुसता बघायचा. ते बघणं मला अजून लिफ्टच्या आरशात दिसतं, माझ्या चेहऱ्याच्या थोडं मागे.

तो गेला तेव्हा महानंदा आली नाही. निरोप पोचला होता. रीतीप्रमाणे अण्णाला बसवून समाधी दिली आणि डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तो हात हलला नाही. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. शेजारचे लोक कुजबुजत होते की आता तरी सुटला व्यसनातून. तिथं बोलायचं होतं. मी माती टाकली आणि हात धुतले.

अजून एक सांगायचं राहिलं. या आजाराची रक्ताची तपासणी निघाल्यावर मी ती गुपचूप करून घेतली. माझ्यात तो दोष नाही, म्हणजे माझ्या मुलीतही नाही. त्या दिवशी मी पेढे आणले आणि बायकोला काहीतरी दुसरंच कारण सांगितलं. त्यानंतर गप्प राहायला मला कसलंच कारण नव्हतं. तरी राहिलो.

गेल्या वर्षी महानंदाची मुलगी श्रद्धा माझ्याकडे आली. ती हिंजवडीत नोकरी करते, रविवारी कधी कधी जेवायला येते. म्हणाली, आईचे पाय बसल्या जागी हलतात, भांडी हातातून पडतात, बोलताना शब्द सापडत नाहीत. कुणी थायरॉइड म्हणालं, कुणी मनाचं म्हणून गोळ्या दिल्या. डॉक्टर घरातल्या आजारांचं विचारतात तेव्हा आई एकच उत्तर देते, वडील दारूनं गेले. मग डॉक्टर पुढे विचारत नाहीत. श्रद्धानं मात्र लक्षणं वाचून काढली होती. ताट बाजूला सारून तिनं विचारलं, "आजोबा, ते खरंच प्यायचे?"

मी सांगितलं. सगळं नाही, सदऱ्याचं नाही. ती रडेल असं वाटलं होतं. तिनं लॅपटॉप उघडला आणि मला समजावून सांगायला लागली, जणू मलाच धीर हवा होता. एका जनुकात अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, जास्त वेळा आला तर आजार होतो. आता संशोधकांना असं दिसतंय की तो तुकडा काही मेंदूपेशींमध्ये वर्षानुवर्षं वाढत जातो, आणि एका मर्यादेपुढे गेला की ती पेशी मरते. म्हणून अर्धं आयुष्य काहीच दिसत नाही. तो वाढणंच थांबवता येईल का, हे शोधणं चाललंय. त्या जनुकापासून बनणारं घातक प्रथिन कमी करण्याचे प्रयोग चाललेत. परदेशात थोड्या रुग्णांच्या मेंदूत शस्त्रक्रियेनं एक उपचार सोडला, त्यांच्यात आजाराचा वेग मंदावल्यासारखा वाटतोय. अजून खात्री नाही, आपल्याकडे तर नाहीच. "पण हे सगळं लवकर कळलेल्यांसाठी आहे, आजोबा," ती म्हणाली. "आईला उशीर झालाय." स्वतःची तपासणी करायची की नाही हे तिनं अजून ठरवलेलं नाही. मी विचारत नाही. मला तो अधिकार नाही.

जाताना दारात तिनं एवढंच सांगितलं की या आजारात पुढे बुद्धीही जाते. आईला कळतंय तोवर तुम्ही बार्शीला या.

मी गेलो. महानंदा खुर्चीत बसली होती, खांदा उडत होता, अगदी त्याच्यासारखा. जावई समोर होते. मी सगळं सांगितलं, या वेळी सदऱ्याचंही. तिनं मधेच थांबवून, शब्द एकेक करून जुळवत म्हटलं, "वास... आला होता मला. लग्नात."

"तो मी शिंपडला होता," मी म्हणालो.

ती म्हणाली, "मी गेले नव्हते, काका. शेवटी." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाली.

जावई उठले, तिचा घसरलेला पाय उचलून उशीवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेव्हा सांगितलं असतं तर आमच्या वडिलांनी सोयरीक मोडली असती. तुमचा अंदाज बरोबर होता." याहून कठोर बोल मला आयुष्यात कुणी लावलेला नाही.

मी निघायला उठलो तेव्हा महानंदानं माझी बाही धरली. पकड सुटत होती, ती पुन्हा पुन्हा धरत होती. "मी विसरणार," ती म्हणाली. "गल्लीत सांगा. सगळ्यांना." मी मान हलवली, तर तिला ते पुरेना. "तुम्ही सांगा. स्वतः."

म्हणून हे आधी लिहून पाठवतोय, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. श्रावण संपायच्या आत मी येतोय. आमचं घर केव्हाच विकलं, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे, त्यामुळे घरी जायचं म्हणजे नेमकं कुठे जायचं हे मला बरीच वर्षं कळत नव्हतं. पुण्यात मी खरं बोललो तर ते कुणाच्या उपयोगाचं नाही. अण्णाविषयी चुकीचं जाणणारी माणसं फक्त तुमच्यात आहेत, आणि तीही आता थोडीच उरली आहेत, म्हातारी, माझ्या वयाची. ती जिवंत आहेत तोवर मला जायला गाव आहे.