मेजरच्या जीपचा नट

मी चाकणच्या कंपनीत गाड्यांचे नट आवळतो आणि घरी मोबाइलवर, बाईच्या टोपणनावाने, एक कथामालिका लिहितो. नायक लष्करातला मेजर. नायिकेने कुणाला नुसता हात लावला तरी तिला त्याच्या मनातलं कळतं. बायको ती मालिका रोज वाचायची, पण ती मीच लिहितो हे तिला सांगितलं नव्हतं. टोचायचं फार, कारण जे तिला कधी तोंडावर बोललो नाही, ते सगळं मेजर नायिकेला सांगत होता.

परवा पोळ्या लाटताना ती म्हणाली, "मेजरने जीपचा नट आवळला आणि वर पिवळ्या मार्करने रेघ मारली. लष्करात असं करतात होय?"

"करत असतील."

"तुमच्या लाइनवर करतात, नट आवळून झाला हे कळायला. आपल्या कुकरच्या दांड्याच्या स्क्रूवरही आहे तुमची रेघ."

मग मी सगळं कबूल केलं.

तिने पिठाने भरलेला हात माझ्या मनगटावर ठेवला. "हात लावून मला कळतंच हो. पण मेजरसारखं एकदा तोंडाने सांगा की."

तव्यावरची पोळी करपेपर्यंत मी सांगत होतो.