बेसनाच्या लाडवांचा सापळा

ती केस माझ्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये नाही, हे माझं नशीब. सबंध नोकरी लाच घेणाऱ्यांना सापळ्यात पकडण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर आयर्लंडमधल्या एका सरकारी टेबलावर मी स्वतःच लाच ठेवून आले. तीही बेसनाच्या लाडवांची.

तेव्हा मी कॉर्कला लेकीकडे नुकतीच आले होते. अंगावरची वर्दी उतरली होती, डोक्यातली नव्हती. दारात कुरिअरवाला आला तरी मी आधी त्याचे हात बघायची, मग चेहरा. याला मी ‘नजर’ म्हणत असे.

लेक हॉस्पिटलात नोकरीला, जावई औषधांच्या कारखान्यात. राहतं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं होतं. उन्हाळ्याच्या आत ते सोडायचं होतं आणि दुसरं मिळत नव्हतं. दोघांच्या पगारावर बँक जेवढं कर्ज देत होती, तेवढ्यात शहरात घर बसत नव्हतं. म्हणून त्यांनी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या, परवडणाऱ्या घरांच्या योजनेत अर्ज केला होता. चूल तीन दगडांची: बँकेचं कर्ज, यांची स्वतःची शिल्लक, आणि उरलेल्या किमतीपुरता घरात कौन्सिलचा हिस्सा. तो हिस्सा पुढे सवडीनं सोडवून घ्यायचा. एक दगड हलला की चूल कलंडलीच.

खबर मिळाली दिवाळीच्या फराळाला. तिथल्या मराठी मंडळींत सर्वांच्या अडीअडचणीला धावणारे एक गृहस्थ होते. मी ‘सरकारी नोकरीत होते’ एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि मला बाजूला घेतलं.

"काकू, नुसता अर्ज करून काय होतंय? नंबर वर सरकवावा लागतो. आत आपला माणूस आहे. थोडं टोकन द्यायचं, बस."

जावयालाही त्यांनी हेच सांगितलं होतं. शिलकीतून टोकन काढून रविवारी त्यांच्या हातात द्यायचं जवळपास ठरलं होतं.

खबर आली की आधी खबऱ्या तपासा, असं मी नव्या फौजदारांना घसा फोडून शिकवलं. स्वतः मात्र एका वाकून केलेल्या नमस्काराला पाघळले. कौन्सिलमध्ये खाणारं कुणीतरी आहे, हे मी गृहीतच धरलं. आता फक्त हात पकडायचा होता.

डबाभर लाडू घेतले, पंच म्हणून लेकीला घेतलं आणि कार्यालय गाठलं. खिडकीवर पिकल्या केसांच्या एक बाई होत्या. लेकीचा अर्ज त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "अर्ज ज्या क्रमानं आले, त्याच क्रमानं आम्ही बघतो. यात मी काही करू शकत नाही."

झालं! आमच्याकडे नियम इतक्या शांतपणे सांगणारा अधिकारी म्हणजे खिसा उघडून बसलेला. मी डबा पुढे सरकवला. बाईंचा हात पुढे येण्याची वाट बघत बसले.

बाईंनी झाकणालाही हात लावला नाही. शेजारच्या सहकाऱ्याला साक्षीला बोलावलं आणि त्याच्यासमोर डबा मला परत केला. म्हणजे माझ्याच सापळ्यात आरोपी मी, आणि पंच त्यांचे.

"पुन्हा असं झालं, तर मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्याचा त्रास तुमच्या मुलीला होईल."

बाहेर आल्यावर लेक रडकुंडीला आली. "आई, आमचं घर जाईल गं तुझ्या पोलिसगिरीत!"

बसमध्ये डबा मांडीवर घेऊन मी पहिल्यांदा डोकं चालवलं. लाडू न घेणाऱ्या त्या खिडकीत टोकन शिरणार कुठून? मग टोकन खातो कोण?

शनिवारी गृहस्थांना पोह्यांना बोलावलं. चौकशीत मुख्य प्रश्न कधी विचारू नये. त्याचं उत्तर आरोपीनं पाठ केलेलं असतं. आजूबाजूचं विचारावं.

"तुमचा माणूस बसतो कुठे हो? परवा आम्ही जाऊन आलो, दिसला नाही."

"वरच्या मजल्यावर, काकू. स्वतंत्र केबिन आहे. मी किती वेळा गेलोय!"

"जिन्यानं वर?"

"हो, जिन्यानं वर गेलं की डावीकडे."

"डावीकडे मुलांचं वाचनालय आहे, जिन्यापाशी पाटीच लावलीय," मी म्हटलं. "साहेब परीकथांच्या कपाटात बसतात का?"

चमचा बशीत थांबला. घाबरलेला माणूस आधी दाराकडे बघतो. त्यांनीही बघितलं. दारात जावई उभा होता.

मग मी खरी नोकरी सांगितली. गृहस्थांनी पाणी मागितलं. आणखी दोन कुटुंबांकडून टोकन घेतल्याचं कबूल केलं आणि हात जोडले. "काकू, आपलीच माणसं आहोत. आपसात मिटवू."

"आपलीच माणसं होती, म्हणूनच फसली," मी म्हटलं.

त्या दोन कुटुंबांना घेऊन मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या हवालदारानं जबाब शांतपणे, न ओरडता लिहून घेतले. पुढचं काम त्यांचं होतं, त्यांनी ते केलं.

टोकन गेलं नाही, म्हणून शिल्लक जागच्या जागी राहिली आणि बँकेनं कर्ज दिलं. घर सोडायची मुदत संपता संपता लेकीचा नंबर लागला, क्रमानंच. सबंध नोकरी वाकड्या वाटेवर पहारा दिला, की सरळ रस्ता समोर आला तरी ओळखू येत नाही. ही केस मला एवढंच शिकवून गेली. पण ते शिकायला मला निवृत्त व्हावं लागलं.

शेवटच्या सह्यांना मी लेकीबरोबर गेले होते, दोन्ही हात रिकामे ठेवून. खिडकीवर त्याच बाई. त्यांनी माझे हात पाहिले आणि म्हणाल्या,

"शुक्रवारी मी निवृत्त होतेय. शनिवारी तो डबा घेऊन माझ्या घरी या. शनिवारपासून मी कुणाचं काहीही खाऊ शकते."