बोटीच्या तळाचे तडे

जनकाबाई भोई यांची आणि माझी ओळख कापूस वेचणीमुळे झाली. आमचे गाव मोताळा तालुक्यात, धरणाच्या अलीकडच्या काठावर आहे. धरण झाले तेव्हा जुने गाव पाण्याखाली गेले आणि उंचावरच्या शेतजमिनी पलीकडच्या काठाला राहिल्या. त्या शेतांवर वेचणीला जायचे तर दोनच मार्ग होते. एक म्हणजे रस्त्याने धरणाला वळसा घालून जाणे. त्यात अर्धी सकाळ मोडत असे, आणि वेचणीची मजुरी तर वेचलेल्या कापसाच्या वजनावर मिळते. दुसरा मार्ग म्हणजे जनकाबाईंची बोट. मी पुष्कळ वर्षे त्या बोटीने गेले आणि आले, म्हणून त्यांच्याविषयी लिहिण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजते.

जनकाबाई उंच होत्या, वाळलेल्या होत्या आणि पाठीत किंचित वाकलेल्या होत्या. त्यांचे पती नारायणराव धरणात मासे धरीत. ते काविळीने वारले. त्यानंतर मासेमारीचा ठेका बाहेरच्या माणसांकडे गेला आणि मच्छीमार संस्थेची फायबरची बोट काठावर नुसती पडून राहिली. गावकऱ्यांनी ठरवून ती जनकाबाईंच्या हाती दिली. तेव्हापासून सकाळी मजूर बायांना पलीकडे नेणे आणि सायंकाळी कापसाच्या गाठोड्यांसह परत आणणे हे त्यांचे काम झाले. त्या थकलेल्या नाहीत असे मी कधी पाहिले नाही. त्या थकलेल्या असत आणि वल्हवीत असत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालत.

मी सांगते आहे ती गोष्ट गुलाबी बोंडअळीच्या वर्षाची आहे. या वाणाला अळी लागत नाही, असे बियाणे घेताना शेतकऱ्यांना सांगण्यात आले होते. पलीकडच्या काठावर उत्तमरावांचे शेत सर्वांत मोठे. त्यांनी फवारणीवर फवारणी केली, तरी अळी आलीच. बोंड वरून हिरवेगार दिसे. फोडले की आतली सरकी खाल्लेली असे आणि रुई पिवळी पडलेली असे. तरीही खालच्या फांद्यांवरची काही बोंडे वाचली आणि दसऱ्यानंतर ती फुटली. तेवढा कापूस पाऊस येण्याच्या आत घरी आणावा, एवढीच उत्तमरावांची इच्छा राहिली होती. आम्हा बायांचीही तीच इच्छा होती, कारण त्या वर्षी दुसऱ्या कोणाच्या शेतात वेचण्यासारखे काही उरले नव्हते.

बाजाराच्या दिवशी वेचणी नसते. त्या दिवशी जनकाबाई मुलीला भेटायला संग्रामपूरला गेल्या होत्या. बोट काठावरच्या बाभळीला बांधलेली होती. दुपारनंतर असा वारा सुटला की धरणाचे पाणी नदीच्या पुरासारखे उसळू लागले. वारा अंधार पडेपर्यंत थांबला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वेचणीची फडकी घेऊन काठावर गेलो, तेव्हा जनकाबाई पहिल्या गाडीने परत आलेल्या होत्या. त्यांनी बोट ओढून कोरड्यावर घेतली होती, एका कुशीवर कलंडवली होती, आणि त्या गुडघे टेकून तिचा तळ हाताने पुसत होत्या.

तळावर तडे गेले होते. काही तडे बोटीच्या कडेजवळ होते, केसासारखे बारीक, एकापाठोपाठ एक. आतून बसवलेल्या मधल्या आडव्या फळीच्या खाली मात्र वेगळाच तडा होता. एका ठिकाणाहून चारी बाजूंना रेघा निघालेल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या.

जनकाबाईंनी कपड्यांची नीळ पाण्यात कालवली, ते निळे पाणी तड्यांवर चोळले आणि ओल्या फडक्याने पुसून काढले. कडेजवळच्या रेघांमधली नीळ दोनदा पुसल्यावर निघाली. "हे नुसते रंगाचे हाये," त्या म्हणाल्या. दर दसऱ्याला बोटीची पूजा होई आणि तिला तेलरंगाचा एक हात मिळे. असे कितीतरी हात एकावर एक बसले होते. तो जाड झालेला रंग हिसक्याने तडकला होता. परंतु फळीखालच्या जाळ्यातली नीळ निघेना. मग त्यांनी कमरेच्या पिशवीतून रुपयाचे नाणे काढले आणि त्या जागी ठोकून पाहिले. इतर ठिकाणी टणटण आवाज येत होता, तेथे भद्द आवाज आला.

आमच्यात अन्नपूर्णा नावाची तरुण सून होती. तिच्या जिभेला कधी विसावा नसे.

"मावशे, ऊन डोक्यावर आलं. काऊन नुसती ठोकत बसली?"

"बोट आज जात नाई."

"आँ? तेवढ्याशा रेघाईपायी? माह्या सासूच्या टाचेले याच्याहून मोठ्या भेगा हायेत. ते चालते ना रोज!"

बाया हसल्या. जनकाबाई हसल्या नाहीत. "तुही सासू पान्यावर चालत असन तं तिच्याच पाठीवर बसून जा," त्या म्हणाल्या आणि पुन्हा नाणे ठोकू लागल्या.

तेवढ्यात उत्तमराव मोटारसायकलवरून आले. त्यांचा आवाज चढला नाही. त्या वर्षी त्यांचा आवाज चढत नसेच.

"जनकाबाई, तड्याईत रंगाऱ्याची लांबी भरा, वरून रंग मारा अन् मोकये व्हा. बाया ते रेघा पाहून भेतात."

"रंग मारला तं बाया भेनार नाईत, भाऊ. पन तडा वाढून राह्यला का नाई, हे मंग मले कुठून दिसन?"

"आभाय पाह्यलं का तुम्ही?"

"पाह्यलं."

"मंग? जे चार बोंडं अळीनं सोडले, ते पान्यात गेले तं मी वेचाले तरी काय लावू?"

"तुमचं वावर दिसते मले इथून. पन मधात हे खोल पानी हाये, अन् यातल्या एकीले बी पोहता येत नाई."

उत्तमरावांनी आमच्याकडे पाहिले. ते गाडी वळवून गेले. आम्हीही फडकी खांद्यावर टाकून घरी परतलो. रस्त्याने वळसा घालून जाण्याची वेळ निघून गेली होती. वाटेत बायांनी जनकाबाईंना पुष्कळ बोल लावले आणि त्यांत अन्नपूर्णेचा आवाज सर्वांत मोठा होता. मीही हो ला हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणखेडहून सईदभाई आले. ते उन्हाळ्यात फायबरचे कूलर आणि पाण्याच्या टाक्या दुरुस्त करीत आणि एरवी मिळेल ते काम करीत. बोट वाऱ्यात खडकावर आपटली, असा निरोप जनकाबाईंनी त्यांना पाठवला होता. त्यांनी बोटीभोवती एक फेरी मारली.

"बाई, कूलर फुटला तं पानी बाहेर जाते. हे फुटलं तं पानी आत येते. एवढाच फरक. बाकी माल तोच."

मग ते बसले आणि त्या जाळ्यावरून तळहात फिरवीत राहिले. "खडकावर आपटली म्हनता? खडकावर आपटली असती तं इथं दबलं असतं. हे तं हाताले बाहेर आल्यासारखं लागते. मार आतून बसला. आत काय होतं?"

"आत काईच नव्हतं," जनकाबाई म्हणाल्या. "वल्हं बी म्या घरी नेलं होतं."

"मंग बाहेरून लांबी भरून काई होनार नाई. आतून मार बसला असन तं आतला काचेच्या धाग्याचा थर फाटला असू शकते. पन आत काय पडलं हे कयल्याशिवाय मी कुठंकुठं खरवडू? सगयी बोट खरवडली तं रंग बी जाईन अन् दिवाळी बी."

आम्ही बाया आजही बोट सुटते का हे पाहायला आलो होतो. अन्नपूर्णा सर्वांच्या मागे उभी होती आणि त्या सकाळी ती एक शब्दही बोलली नव्हती. आता ती पुढे आली.

"गोटे पडले आत."

जनकाबाईंनी मान वर केली. "कोनी टाकले?"

"म्या. परवा मी बकऱ्या घेऊन इकडे होती. वारा तुही बोट उचलून उचलून आपटत होता. आम्ही कुटाराच्या ढिगावर गोटे ठेवतो ना, वाऱ्यानं उडू नये म्हनून, तसे म्या टाकले. मले वाटलं, तुही बोट वाचवून राह्यली मी."

ही चूक आमच्यासारख्या शेतीतल्या माणसांकडूनच व्हावी अशी होती. कुटाराच्या ढिगाला गोटा सोसतो, पण फायबरच्या तळाला तो आतून तडे पाडतो, हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मीही तेथे असते तर अन्नपूर्णेला गोटे उचलून दिले असते.

आता जनकाबाई रागावतील असे आम्हाला वाटले. त्यांनी फक्त विचारले, "फेकले का ठेवले?"

"पयले दोन फेकले. मंग वाकून ठेवले."

"कुठं फेकले?"

"त्या फयीजवळ."

"अन् काढले कधी?"

"वारा थांबल्यावर. तू ओरडशीन म्हनून."

जनकाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. "बरं झालं सांगतलं. सईदभाई, फयी काढा."

फळी काढल्यावर सईदभाईंनी तेवढीच जागा आतून खरवडली. आधी हिरवा रंग निघाला, मग निळा, मग तांबडा. त्याखाली काचेच्या धाग्यांचा थर होता. मार खोल गेला की त्यावर पांढरा डाग पडतो, तसा डाग नव्हता आणि एकही धागा तुटलेला नव्हता. जनकाबाईंनी नाणे ठोकले. आवाज टणटणीत आला. फळी तेथे टेकलेली होती, म्हणून आधी तो भद्द येत होता.

"वरचाच हाये," सईदभाई म्हणाले. "माल पक्का हाये."

आम्ही फडकी उचलली. पण जनकाबाई म्हणाल्या, "थांबा. पानी भरून पाहू." बाया कुरकुरल्या. तरी सर्वांनी हात लावून बोट दोन ओंडक्यांवर चढवली आणि घागरींनी आत पाणी भरले. जनकाबाईंनी तळाला बाहेरून चुलीतली कोरडी राख फासली. कोठे पाणी पाझरले तर राख तेथे काळी पडणार होती. सर्वजण खाली बसून राखेकडे पाहू लागले. आणि तेवढ्यात पाऊस आला.

पाऊस फार मोठा नव्हता. मात्र वाऱ्याने तो आडवा आला आणि सगळी राख ओली करून गेला. आता काय पाझरले आणि काय भिजले हे कोणालाच सांगता येणार नव्हते. पलीकडे उत्तमरावांच्या शेतातला पांढरेपणा आमच्या डोळ्यांदेखत मळकट होत गेला. बोट तपासायला आम्ही थांबलो नसतो तर त्यातला काही कापूस तरी आमच्या गाठोड्यांत असता. जनकाबाई ओल्या राखेचे हात घेऊन तशाच पावसात बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "उद्या पुन्हा करू."

दुसऱ्या दिवशी ऊन होते. त्यांनी तळ कोरडा केला, पुन्हा राख फासली, पुन्हा पाणी भरले. राख कोरडीच राहिली. त्यानंतर त्यांनी अन्नपूर्णेलाच हाक मारली, "आन ते गोटे. पन ठेवजो, फेकजो नको." आम्ही सर्वांनी गोटे एकेक करून बोटीत ठेवले. आम्हा बायांइतके वजन झाल्यावर जनकाबाई ती बोट एकट्याच मध्यापर्यंत घेऊन गेल्या, तेथे काही वेळ थांबल्या आणि परत आल्या. आत एक थेंबही नव्हता. तेव्हा त्यांनी आम्हाला बसवले.

पलीकडे कापूस भिजून बोंडांना लोंबत होता. सरळ हाती येत नव्हता. हाती येई त्यात कवडी, म्हणजे अळीने खाल्लेली पिवळी रुई, हीच जास्त होती. उत्तमराव बांधावर बसून होते. दिवसभर वेचूनही आमची गाठोडी हलकीच राहिली. फार ओला कापूस शेतातच वाळत घालून आम्ही उरलेला तेवढा सोबत घेतला.

सायंकाळी परत येताना एका बाईने बोलून दाखवले, "वरवरचेच निघाले ना शेवटी तडे? मंग एवढे दिवस काऊन बसवलं आमाले?"

जनकाबाईंनी वल्हे थांबवले नाही. "वरवरचे हायेत हे पाह्यल्यावर कयलं, बाई. पाह्यल्याच्या आंधी तुले माहीत होतं का? मले बी नव्हतं."

यावरही त्या बाईचे समाधान झाले नाही. आमच्यापैकी कोणाचेच झाले नाही. कापूस गेला होता, मजुरी गेली होती आणि बोटीला तर काहीच झालेले नव्हते. जनकाबाई बरोबर वागल्या की नाही, यावर गावात पुष्कळ दिवस वाद झाला. मी स्वतः त्या बोटीत बसून घरी सुखरूप आले, एवढेच मला निश्चित सांगता येते.

बोट काठाला लागली. आम्ही उतरलो. जनकाबाईंनी बोट ओढून घेतली, दोर बाभळीला बांधला आणि त्या तेथेच मातीवर बसल्या. आम्हाला जाऊ देण्याआधी त्यांनी एक गोष्ट मागितली. आवाज इतका थकलेला होता की ऐकायला आम्हाला जवळ जावे लागले. त्या म्हणाल्या, "उद्यापासून चढायच्या आंधी एकेकीनं बोटीखालून हात फिरवून पाहत जा. माह्या एकटीच्या डोयाच्या भरवशावर नका बसू."