मागचा डबा खाली है

"गुरुग्रामच्या पुढचा तो जुना रोलर कोस्टर पुढच्या महिन्यात भंगारात जाणार," असं मी वाचून दाखवलं आणि गुडघ्यांचं निमित्त काढून भाजी आणायलाही न जाणारे आमचे बाबा म्हणाले, "चलो, उद्याच निघू. मला एकदा त्यात बसायचंय."

कारण तीस वर्षांपूर्वीचं. बाबांची बदली होऊन आम्ही इकडे उत्तरेत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये नुकते आलो होतो आणि आईचं हिंदी यथातथाच होतं. कोस्टरवाला ओरडला, "पिछला डिब्बा खाली है!" आईला वाटलं, मागचा डबा खालीच राहतो, वर जात नाही. ती मला घेऊन खुशाल त्यात बसली! उतारावर सगळ्यात जास्त हिसका मागच्याच डब्याला बसतो, हे तिला माथ्यावर कळलं. बाबा घाबरून जमिनीवरच थांबले होते, तिच्या चपला हातात धरून. "तुम्ही यायला हवं होतं," हे तिनं त्यांना जन्मभर ऐकवलं. गेल्या वर्षी ती गेली.

तुम्हाला जायचं असेल तर पिवळ्या मेट्रोनं गुरुग्रामकडच्या शेवटच्या स्टेशनपर्यंत जा आणि पुढे ऑटो करा. शंभर म्हणतात, ऐंशीत येतात. शेवटचा रस्ता खड्ड्यांचा आहे. फाटकासमोर मुळ्याचे पराठे मिळतात. लोणी नको म्हटलं तरी घालतात.

आत वळलो आणि मी मान वर करून बघतच राहिले. केवढं ते! लहानपणी पाहिलेल्या गोष्टी मोठेपणी लहान वाटतात म्हणे. हा कोस्टर आणखी उंच झाला होता. दुसऱ्या वळणातून पिंपळ वर आलेला, माथ्यावर पोपटांचा गोंगाट.

तिथले रखवालदार रामपालजी पूर्वी याच कोस्टरचे मेकॅनिक होते. सुरुवातीला, माणसं बसवण्याआधी, कित्येक दिवस वाळूची पोती फिरवली होती, म्हणाले. मग रोज पहाटे ते पाना घेऊन रुळांवरून चालत माथ्यापर्यंत जायचे, एकेक बोल्ट ठोकत. "ढीला हो तो आवाज़ बदल जाती है." पुढे सुटे भाग मिळेनात, म्हणून तो बंद झाला.

बसायचं म्हटल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. "परमिशन नहीं है, बाबूजी."

बाबांनी त्यांना आईच्या 'खाली'ची गोष्ट सांगितली. रामपालजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि किल्ली काढून त्यांनी फलाटाचं दार उघडलं.

बाबांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या. मागच्या डब्यात अगदी कडेला अंग चोरून बसले.

"आराम से बैठिए, बगल की सीट खाली है," रामपालजी म्हणाले.

"खाली नाही," बाबा म्हणाले.

गाडी जागची हलली नाही. तरी बाबांनी दांडा घट्ट धरला, डोळे मिटले आणि बराच वेळ ते तसेच बसून राहिले. मला फार रडू आलं.

घरी चहा घेताना मी विचारलं, "बाबा, ते 'खाली नाही' हिंदीतलं होतं की मराठीतलं?"

"दोन्ही," ते म्हणाले. "ती शेजारी होती. आणि वर होतो आम्ही."